इरकलला दोन कामं

पहिला दिवस : शहापूर (बेळगाव) ते बदामी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात स्वयंपाकाचा नवा ओटा बसला. गुलाबी ग्रॅनाइट, दुकानदाराच्या भाषेत 'इरकल पिंक'. मिस्त्री गेल्यावर पुसून घेताना गॅसच्या डाव्या अंगाला बशीएवढा काळपट डाग दिसला. सिमेंट सांडलं असेल म्हणून घासला, लिंबू चोळलं, शेवटी सुरीच्या टोकानं खरवडून बघितला. डाग दगडातच होता. दुकानात जाऊन भांडले. आधी "मॅडम, नॅचरल स्टोन हाय, असणारच की", मग "दुसरी लादी आली की बदलून देतो". त्या 'आली की'ला चार महिने झाले.

माझा भाचा धारवाडला जिऑलॉजीत एमएस्सी करतो. संक्रांतीला आला तेव्हा तो त्या डागाशी डोळा लावून इतका वेळ बसला की त्याच्या चहावर साय आली. मग म्हणाला, "मावशी, ह्याचे तर जास्त पैसे द्यायला पाहिजेत की." सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं दुकानदाराचाच माणूस घरात शिरलाय. पण त्यांना इरकल साडी घ्यायची होती आणि यल्लम्माचं दर्शनही राहिलं होतं. त्यामुळे फेब्रुवारीत तीन दिवस काढून आम्ही तिघं निघालो. इरकल ह्या एकाच गावात दोन कामं, एक साडीचं, एक दगडाचं.

बैलहोंगलच्या पुढं रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं, तिथं थांबलो. नुकतीच एक काहिल उतरून वाफ्यात ओतली होती. काहिलीच्या काठावरून ओघळलेले थेंब तेवढ्यात टणक झाले होते, नखानं टक्कन निघत होते. वाफ्यात मात्र वर कवच धरलेलं, म्हणून मी बोट लावून बघितलं आणि चटका खाऊन शहाणी झाले. कवचाखाली सगळं पातळ आणि कढत. गुऱ्हाळवाला हसला, "बाई, दिसतंय तसं नसतंय त्ये." पुढचे दोन दिवस हे वाक्य माझ्या मागे लागलं होतं.

भाच्याला आयतं निमित्त मिळालं. ग्रॅनाइट म्हणजे जमिनीखाली काही किलोमीटरवर अडकून तिथंच गोठलेला शिलारस. तापमान साधारण ८०० अंशांच्या आगेमागे, आणि रसात पाणी मुरलेलं असेल तर अगदी ६५०–७०० अंशांपर्यंत त्यात थोडं तरी पातळ उरतं. बेळगावपासून वर सह्याद्रीत आपण जो काळा कातळ बघतो, तो बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन उघड्यावर पसरला, म्हणून भराभर गोठला. त्याचे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत. ग्रॅनाइटला वरून कित्येक किलोमीटर खडकाचं पांघरूण. ऊब जायला वाटच नाही, म्हणून गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखी गार म्हणजे क्वार्ट्झ, आणि काळं अभ्रक ही खनिजं सावकाश वाढत बसतात. हे सगळं मला ठाऊक होतं. बावीस वर्षं सातवी-आठवीला शिकवलंय, 'हळू थंड, मोठे स्फटिक. झटपट थंड, बारीक स्फटिक'. खडीसाखर आणि बत्तासा हे माझं ठरलेलं उदाहरण.

सौंदत्तीला डोंगरावर भंडाऱ्यानं पिवळं होऊन, "उदो गं आई उदो" म्हणून, घामाघूम उतरलो. तो डोंगर आणि मलप्रभेची नविलुतीर्थाची खिंड, दोन्ही कठीण गारेच्या खडकातली, म्हणजे मुळात वाळूच. ग्रॅनाइट अजून लांब होता. रामदुर्गावरून बदामीला पोचेपर्यंत अंधार पडला.

रात्री लॉजवर सासूबाई झोपल्यावर भाच्यानं जेवणाच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. खडकातून उष्णता इतकी संथ सरकते की, थंड व्हायचा काळ जाडीच्या वर्गाप्रमाणं वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. एक मीटर जाडीची शिर, म्हणजे भेगेत घुसलेला रस, थंड व्हायला दहा-बारा दिवस. दहा मीटरला तीनेक वर्षं. शंभर मीटरला सुमारे ३०० वर्षं. एक किलोमीटरला ३० हजार, आणि दहा किलोमीटरला ३० लाख. हिशेब ढोबळ आहे. स्फटिक बनताना रस आतली उष्णता बाहेर टाकतो, त्यानं वेळ वाढतो. भेगांतून पाणी खेळत असेल तर कमी होतो. पण एक मीटरला दिवस आणि दहा किलोमीटरला लाखो वर्षं, ह्यात काही फरक पडत नाही.

"म्हणजे खाली एक मोठी काहिल, आणि ती लाखो वर्षं निवत बसलेली," मी म्हटलं.

"पुस्तकात तसंच असतंय," तो म्हणाला आणि दिवा मालवला. हे असं अर्धवट सोडायची त्याची सवय त्याच्या आईची.

दुसरा दिवस : बदामी ते इरकल

बदामीवर लिहिणारे खूप आहेत, मी दोनच गोष्टी सांगते. तिसऱ्या लेण्यात चालुक्यांच्या मंगलेशानं कोरवलेला शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे, आणि तिथं भिंतीच्या तांबड्या दगडावर तिरप्या रेघा अशा दिसतात, जणू कुणी ओल्या वाळूवरून सूप फिरवलंय. वाहत्या पाण्यानं वाळू सरकवत नेली की अशा रेघा पडतात. लेणी कोरली त्या खडकातले बहुतेक कण गारेचे आहेत, आणि ती गार मुळात जुन्या ग्रॅनाइटची आणि त्याच्या भाऊबंदांची. फेल्डस्पार कुजून माती होते, अभ्रक वाहून जातं, गार टिकते. आपण ज्याला भेटायला निघालोय त्याच्या कुळातल्यांच्या अस्थी आधी बघून घेतल्या म्हणायच्या.

भाच्यानं अगस्त्यतीर्थाच्या काठावर बसून ह्यातली खरी गंमत सांगितली. हा वाळूचा खडक आणि त्याच्या तळाशी असलेला ग्रॅनाइट, ह्या दोघांमध्ये शंभर कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे. ग्रॅनाइट खोल पोटात गोठला. मग त्याच्या डोक्यावरचा सगळा डोंगर पावसापाण्यानं झिजून गेला, तो उघडा पडला, आणि त्या उघड्या पाठीवर ही वाळू येऊन बसली. त्या दोघांमधल्या एका रेघेत किती काळ गिळला गेलाय ह्याचा विचार मी दोनदा करून बघितला, आणि सोडून दिला.

गुळेदगुड्डला खण घेतले. 'घेतले' म्हणजे बावीस खण बघून चार घेतले, ह्यात दीड तास गेला. अमीनगडला करदंट, तिथली सुक्या मेव्याची मिठाई. तिथून पुढं वाळूच्या खडकाच्या सपाट भिंती मागे पडल्या आणि गोल गोल धोंडे सुरू झाले, एकावर एक, कुणी लगोरी रचल्यासारखे. सासूबाईंना वाटलं हे कुठून तरी घरंगळत आले. पण वर डोंगरच नव्हता, येणार कुठून? हे जागच्या जागीच गोल झालेले. ग्रॅनाइट थंड होताना आकसतो, आणि वरचं ओझं उतरल्यावर फुगतो, दोन्ही वेळा त्याला भेगा पडतात, आडव्या-उभ्या. पाणी भेगांतून शिरून चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजवतं, कारण कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी हल्ला करतं. कोपरे गेले की उरतो गोटा. बर्फीच्या वड्या डब्यात हलवून हलवून लाडू व्हावेत तसं, फक्त वेळ जरा जास्त.

संध्याकाळी इरकलात पोचलो तेव्हा आमच्या पुढं ट्रॉलीवर एकच एक गुलाबी ठोकळा चालला होता, खोलीएवढा. गाडी त्याच्या मागे अडकली. भाचा खूश, सासूबाई वैतागलेल्या.

तिसरा दिवस : खाण

खाणीत जायची परवानगी ओळखीतून काढली होती. मुकादम कन्नड-मराठी मिसळून बोलणारे, मागच्या पिढीत मिरजेकडचे. "आई हितंच सावलीत बसू दे," म्हणून त्यांनी सासूबाईंना शेडमध्ये खुर्ची दिली आणि आम्हाला टोप्या.

खाण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची विहीर, पण चौकोनी आणि गुलाबी. हिऱ्याचे मणी ओवलेली तार दगडातून सरकत होती, तिच्यावर पाण्याची धार, आणि खाली गुलाबी ताकासारखा राडा. पण सगळीकडे पाणी नव्हतं. एका टोकाला दोघं जण कोरडंच ड्रिल मारत होते, तोंडाला नुसता टॉवेल. ती धूळ गारेची. फुफ्फुसात गेली की परत येत नाही. मी मुकादमांना तसं म्हटलं, त्यांनी मान हलवली, आणि ड्रिल चालूच राहिलं. ओट्यावरच्या डागासाठी चार महिने भांडणारी मी तिथं ह्याच्या पलीकडे काही बोलले नाही, हेही लिहून ठेवते.

वरच्या अंगाला दगडाला आडवे पापुद्रे पडलेले, वीतभर, हातभर. खाली जावं तसे ते जाड होत जातात आणि तळाशी पुरुषभर उंचीत एकही नाही. हे ओझं उतरल्याचं लक्षण. मुकादमांनी हातोडीनं ठोकून दाखवलं, चांगला दगड घंटेसारखा वाजतो, भेग असली तर भद्द. मग त्यांनी एका ठोकळ्यावर हात फिरवला. "ह्या बाजूनं पाचर मारली तर सरळ उलतो. ह्या बाजूनं जरा त्रास देतो. आणि तिसऱ्या बाजूनं मारायचीच नाही." मला तर तिन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. भाच्यानं भिंग दिलं. फेल्डस्पारचे लांबट स्फटिक बहुतेक एकाच दिशेला कलले होते, नदीत ओंडके वाहताना एका रेषेत येतात तसे. दगड पातळ असताना वाहत होता, त्याची ही दिशा. शिवाय गारेच्या कणांत बारीक तडे असतात. निवताना साधारण ५७३ अंशांपाशी गारेची आतली रचना बदलते आणि ती शेजाऱ्यांपेक्षा जास्त आकसते. ते तडेही बऱ्याचदा एका दिशेनं जास्त असतात. मुकादमांना हे सगळं हाताला कळत होतं. हान्स क्लूस नावाच्या जर्मन भूशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात ग्रॅनाइटच्या भेगा आणि वाहण्याची दिशा ह्यांचं नातं मांडलं, आणि खाणीत फिरतच मांडलं. मला वाटतं त्यालाही कुणीतरी मुकादम भेटला असणार.

मग भाच्यानं मला पूर्वेकडच्या उभ्या कापाकडे नेलं. तारेनं कापलेला, ओला, आरशासारखा. "आता तुझी काहिल शोध."

पहिल्यांदा नजर गेली ती हातभर रुंदीच्या एका पट्ट्यावर. त्यात फेल्डस्पारचे स्फटिक माझ्या तळहाताएवढे. मी लगेच म्हटलं, "हे सगळ्यात हळू थंड झालं." तो हसला. हातभर रुंद शिर, तूच काल हिशेब बघितलास, दिवसांत निवते. मग एवढे मोठे स्फटिक? ग्रॅनाइट गोठत जातो तसं पाणी आणि उरलंसुरलं सगळं शेवटच्या रसात साठतं. तो रस पातळ, त्यात स्फटिकाची सुरुवात फार थोड्या ठिकाणी होते, आणि ज्या होतात त्यांना खायला भरपूर. म्हणून ते भराभर फुगतात. ह्याला पेग्मटाइट म्हणतात. बावीस वर्षांचा माझा फळा तिथं पुसला गेला. 'हळू थंड, मोठे स्फटिक' हे खोटं नाही, पण स्फटिकाची बीजं किती पडली हा प्रश्न मी मुलांना कधी विचारलाच नव्हता. खडीसाखरेतसुद्धा दोरा टाकतात तो ह्याचसाठी, हे तोंडावर असून.

पट्ट्याच्या खाली फिकट, बारीक कणांचा दुसरा ग्रॅनाइट पहिल्याला तिरपा कापत गेलेला. भाच्यानं माझं बोट धरून त्या सांध्यावरून फिरवलं. बारीक कण सांध्याजवळ आणखी बारीक होत होते का? नाही. मधेही तेवढेच, कडेलाही तेवढेच. मग त्यानं मला वीस पावलं डावीकडे नेलं. तिथं काळ्या दगडाची भिंत गुलाबीला सरळ चिरत वर गेली होती. हा डोलेराइट, बाजारात ज्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणून ओट्याला विकतात, त्याच्या जातीचा. मध्ये त्याचे कण तिळाएवढे दिसत होते, कडेला येता येता बारीक होत, शेवटच्या दोन बोटांत काजळासारखा गुळगुळीत. म्हणजे हा आला तेव्हा ग्रॅनाइट कधीच थंड होऊन बसला होता, थंड भिंतीला टेकताच ह्याच्या कडा गोठल्या. आणि तो फिकट ग्रॅनाइट आला तेव्हा पहिला अजून ऊन होता, म्हणून कडेलाही त्याला धक्का बसला नाही. एकाच भिंतीवर दोन सांधे, एक उबदार, एक गार. कुणाच्या आधी कोण आणि किती आधी, हे नुसत्या बोटानं कळतं.

इथं त्यानं रात्रीचं अर्धवट सोडलेलं पुरं केलं. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरावीक वेगानं शिसं होत जातं, त्यावरून त्यांचं वय काढतात. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडातल्या टुऑलमी इथल्या ग्रॅनाइटची वयं अशी काढली, तर बाहेरचा भाग साधारण ९.५ कोटी आणि आतला ८.५ कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. एक कोटीचा फरक. एकच हौद एवढा वेळ निवत राहायचा तर बिलाच्या पाठीवरच्या हिशेबानं तो सतरा-अठरा किलोमीटर जाडीचा पाहिजे. पण बहुतेक ग्रॅनाइटची शरीरं गुरुत्वाकर्षण मोजून बघितली तर जाड काहिलीपेक्षा भाकरीच्या चवडीसारखी निघतात, काही किलोमीटरांची. म्हणून २००४च्या सुमाराला काही भूशास्त्रज्ञांनी मांडलं की हे एकदम भरलेलं भांडं नव्हतंच. थोडा रस आला, निम्माशिम्मा गोठला, त्याच्या कुशीत पुन्हा थोडा आला. हप्त्याहप्त्यानं. एवढ्या मोठ्या रसाला जमिनीखाली जागा कुणी करून दिली, ह्या जुन्या भांडणालाही त्यानं थोडं उत्तर मिळतं, कारण हप्त्याला जागा थोडीच लागते. किती हप्ते, आणि कुठल्याही क्षणी खाली पातळ रस किती, ह्यावर अजून वाद चालू आहेत.

कर्नाटकाच्या ह्या पूर्वेकडच्या पट्ट्यातले ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांपूर्वीचे. दक्षिणेला रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट, त्यावरून तिथून जाणाऱ्या सुमारे ४०० किलोमीटरच्या पट्ट्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. दक्षिणेकडे त्याची खोल मुळं उघडी पडली आहेत, उत्तरेकडे वरचे, उथळ भाग. म्हणजे बंगळूरकडून उत्तरेला गाडी हाकणं म्हणजे जमिनीच्या पोटातून वर चढणं. वाटेत जेवायला थांबता येतं, एवढाच फरक.

मी मात्र भिंतीवर दुसरंच शोधत होते. आणि सापडलं. बशीएवढा काळपट डाग, मग त्याच्या शेजारी आणखी एक, परातीएवढा, मग ओळीनं पाच-सहा, ओल्या भिंतीवर लांबट होत गेलेले. मी इतक्या जोरात ओरडले की मुकादम धावत आले. "सोनं मिळालं काय?"

हे भाच्याला फार आवडलं. १७८५ साली जेम्स हटन हा भूशास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टच्या ओढ्यात गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा काळ्या खडकात घुसलेल्या बघून असाच आनंदला, आणि बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं की ह्याला चांदी नाहीतर सोनं सापडलं. त्या शिरांनीच त्याच्या हाती पुरावा दिला की ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेला होता. तोपर्यंत समुद्राच्या पाण्यातून साका बसून तो झाला असं म्हणणारे पुष्कळ होते.

डागाची गोष्ट अशी. ग्रॅनाइटचा रस पातळ असतानाच खालून दुसरा, बेसॉल्टच्या जातीचा रस त्यात घुसतो. हा हजार-अकराशे अंशांच्या घरातला, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी कढत. पाक झाला का बघायला आपण गार पाण्याच्या वाटीत थेंब सोडतो आणि त्याची गोळी होते, तसा ह्या कढत रसाचा थेंब 'गार' ग्रॅनाइटमध्ये पडून गोळीबंद होतो. ८०० अंशांचं गार! म्हणून त्याचे कण बारीक. काळा रंग मात्र मुळातला, बेसॉल्टच्या जातीचा.

मुकादमांनी मागे ढिगाकडे बोट केलं. असे डागाचे ठोकळे तिथं टाकून दिलेले, टेकडीएवढे. "गिऱ्हाईक घेत नाही," म्हणाले.

दुपारी साडीचं काम. सासूबाईंनी मागच्या खोलीतला माग चालताना बघितला आणि पदराच्या सांध्याला हात लावला. अंगाचं सूत वेगळं, पदराचं रेशीम वेगळं, आणि दोन्हींचे ताणे फाशात फासा अडकवून जोडलेले, हा टोप पदर. "जोड दिसत नाही," मी म्हटलं. "दिसत नाही, हाताला लागतो," त्या म्हणाल्या आणि चंद्रकळेच्या भावात घासाघीस करायला लागल्या. भाचा माझ्याकडे बघून काही बोलणार होता. मी डोळे वटारले.

घरी

रात्री उशिरा पोचलो. सकाळी दूध तापत होतं तेव्हा भाच्याचं भिंग घेऊन ओट्यावर वाकले. डागाच्या काठावर एक गुलाबी फेल्डस्पार, करंगळीच्या नखाएवढा. अर्धा गुलाबी दगडात, अर्धा काळ्यात. काठ त्याच्या मधून गेलेला, पण स्फटिक कुठं तुटलेला नाही. ग्रॅनाइटमध्ये वाढलेला स्फटिक काळ्या थेंबात शिरायचा तर दोन्ही मऊ हवेत, एकाच वेळी. खाणीत हे मला दिसलं नव्हतं. माझ्या ओट्यावर चार महिने होतं.

दूध उतू गेलं.

पुसत असतानाच दुकानाचा फोन. लादी आलीय, उद्या माणूस पाठवतो, डागाची काढून नेतो. मी म्हटलं, राहू दे, आम्हाला हीच पाहिजे. फोन ठेवला तर सासूबाई दारात, नव्या इरकलीची घडी हातात.

"राहू दे तर राहू दे. पण पैसे तरी कमी करून घ्यायचेस की!"